टाकायासूच्या फुगवट्याचं ऑपरेशन: कोल्हापुरातून निघण्याआधी

टाकायासू आजारात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येते. पेशंट बहुतेक चाळिशीच्या आतल्या बायका. बऱ्याच जणींची रक्तवाहिनी अरुंद होते, काहींची भिंत कमजोर पडून फुगते. त्या फुगवट्याच्या ऑपरेशनसाठी पुण्या-मुंबईला जायचं ठरलं असेल, तर तिकीट काढण्याआधी एवढं उरकून घ्या.

पहिलं काम बीपीचं. हाताची धमनी अरुंद असली की त्या हातात बीपी खोटंच कमी दिसतं. डाव्या हातात 90 आणि मांडीला पट्टा बांधला की 170, असंही होतं. म्हणून दोन्ही हात, दोन्ही पाय एकदा मोजून घ्या, खरा आकडा कुठला धरायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद फाइलीत सगळ्यात वर लावा. दुसरी प्रत खाटेपाशी चिकटवा. रात्रपाळीची नवी सिस्टर जवळचा हात धरणारच, आणि पेशंट गुंगीत असेल तर सांगणार कोण?

दुसरं, सूज शांत आहे का ते बघणं. भडकलेल्या भिंतीत टाके नीट धरत नाहीत, पुढे जोडापाशीच नवा फुगवटा येण्याची भीती असते. त्यामुळे घाई नसेल तर आधी औषधांनी आजार आटोक्यात आणतात. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचे जुने-नवे रिपोर्ट तारखेनुसार लावा. पण नुसत्या ईएसआरवर भरवसा ठेवू नका, संधिवाततज्ज्ञांचं लेखी मत सोबत असू द्या. अँजिओग्राफीचा कागदी रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागतेच. फुगवटा महाधमनीच्या कुठल्या भागात आहे यावर छाती-पोट उघडून कृत्रिम नळी (ग्राफ्ट) बसवायची की मांडीतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे जाळीचा आधार असलेली नळी, घालायची, हे ठरतं.

औषधांत स्टेरॉइड मनानं बंद करायचं नाही, एक दिवसही. बरेच दिवस घेतलेलं असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, ऑपरेशनच्या वेळी जादा डोस लागू शकतो. गोळ्या बॅगेत नको, पर्समध्ये ठेवा. मेथोट्रेक्सेट ही सूज दाबणारी गोळी आठवड्यातून एकदाच असते, तो वार पाकिटावर ठळक लिहा. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते सर्जन सांगतील.

दात किडलेले असतील तर आधीच दाखवा, ग्राफ्टला जंतुसंसर्ग झाला तर निस्तरणं फार अवघड. आणि मिश्री. आपल्याकडे सासूसमोर सुनेच्या मिश्रीचा विषय कुणी काढत नाही, पण ती तंबाखूच आहे. भूलतज्ज्ञांपासून लपवू नका आणि आजच सोडा. लोणचं-पापडही कमी करा, स्टेरॉइडवर मीठ बाधतं.

आधार, रेशनकार्ड घ्या. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्याआधी त्याला गाठून आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का विचारा. रक्त देणारे दोन-तीन नातेवाईक तयार ठेवा.

मधेच छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक जोराची कळ आली, घेरी आली, तर गाडीची वाट बघू नका. 108 ला फोन करून कोल्हापुरातच इमर्जन्सीला जा.

डिस्चार्ज घेताना ऑपरेशनची नोंद, ग्राफ्टचा प्रकार आणि माप, पुढच्या स्कॅनची तारीख मागून घ्या. हे स्कॅन आयुष्यभर करावे लागतात, बरं वाटत असलं तरी.