स्नायूंच्या दुखापतीवरील प्रयोगासाठी सोन्याचे नॅनोकण: द्रावणापासून अल्ट्रासाउंडपर्यंत

ब्राझीलमधल्या क्रिसिउमा शहरातल्या विद्यापीठात उंदरांच्या पोटरीच्या स्नायूला दुखापत करून तिच्यावर सोन्याचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांश मापातले अतिसूक्ष्म कण) आणि स्पंदित, म्हणजे थांबून थांबून सोडलेला अल्ट्रासाउंड एकत्र वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींना होणारी इजा) कमी होतो का, हा त्यातला मुख्य प्रश्न. माणसांसाठी हा अजून प्रचलित उपचार नाही, तेव्हा घरी किंवा दवाखान्यात करून बघू नका. इथे दिलेली पद्धत प्रयोगशाळेसाठी आहे. प्राण्यांवर काम करायचे तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या.

सगळ्यात जास्त वेळ काचेच्या स्वच्छतेला द्या. फ्लास्क आणि ढवळकांडी ॲक्वा रेजियाने (३ भाग हायड्रोक्लोरिक, १ भाग नायट्रिक आम्ल) धुवा, मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा विसळा. हे काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. उरलेले आम्ल झाकण घट्ट लावून ठेवू नका, वायू साचून बाटली फुटते. काचेवर जुन्या सोन्याचा अंश राहिला, तर नवे कण त्याच्यावरच वाढतात आणि आकार एकसारखे येत नाहीत.

क्लोरोऑरिक आम्ल (सोन्याचे संयुग, ट्रायहायड्रेट) ३९.४ मिलिग्रॅम घ्या. धातूचा चमचा चालणार नाही, सोने त्याच्यावरच बसते. हा पदार्थ हवेतला ओलावा लगेच शोषतो, म्हणून वजन झटपट करा. १०० मिलि अतिशुद्ध पाण्यात विरघळवून कंडेन्सर (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणणारी नळी) लावा आणि जोरात ढवळत उकळी आणा. दुसरीकडे ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ११४ मिलिग्रॅम १० मिलि पाण्यात विरघळवा आणि उकळत्या द्रावणात एका झटक्यात ओता. थेंबथेंब घातले तर कण लहानमोठे होतात.

आता रंगाकडे बघा. फिकट पिवळा जातो, मग करडा-निळसर, आणि थोड्याच वेळात लालबुंद. आणखी दहा मिनिटे उकळून ढवळतच थंड होऊ द्या. कण साधारण १३ नॅनोमीटरचे होतात, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र) शोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास दिसते. सायट्रेट कमी घातले तर कण मोठे होतात. सोन्याचे प्रमाण मिलिलिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम पडते. ४ अंशांवर, अंधारात ठेवा, पण गोठवू नका.

हे कण अल्ट्रासाउंडच्या जेलमध्ये मिसळून त्वचेवर लावायचे असतात, आणि खरी गडबड त्या जेलमध्ये होते. सायट्रेटचे कण फक्त ऋण प्रभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. सलाइन (मिठाचे पाणी) किंवा फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षारांचे द्रावण) पडला की प्रभार झाकला जातो, कण चिकटतात आणि लाल रंग जांभळा-निळा होतो. तयार अल्ट्रासाउंड जेलमध्येही क्षार असू शकतात, म्हणून आधी थोडेसे मिसळून दुसऱ्या दिवशी रंग बघा. निळसर झाले तर ते जेल बाद.

जनावराचे केस पूर्ण काढा. केसांत अडकलेली हवा जवळपास सगळा ध्वनी परतवते. जेलमधले बुडबुडेही तेच करतात, तेव्हा फेटू नका, हळू मिसळा. उंदराची पोटरी बारीक असल्याने अल्ट्रासाउंड यंत्राचा त्वचेवर टेकवायचा भाग, म्हणजे हेड, १ चौ. सेंमी.चा छोटा घ्या. सुरुवातीला १ मेगाहर्ट्‌झ, २० टक्के स्पंदन (एकूण वेळेच्या फक्त २० टक्के वेळ ध्वनी चालू), ०.५ वॅट प्रति चौ. सेंमी. ठेवा. हेड सतत फिरता हवा. एका जागी थांबला तर हाडावरून परतणाऱ्या लहरींमुळे तिथलीच ऊती तापते. यंत्राच्या डायलवरचा आकडा खरा धरू नका. आधी रेडिएशन फोर्स बॅलन्सवर (ध्वनीच्या दाबावरून शक्ती मोजणारा तराजू) प्रत्यक्ष शक्ती मोजा, कारण जुन्या यंत्रांत फरक बराच निघतो.

गट ठरवताना कंजुषी नको. उपचार नसलेला, फक्त अल्ट्रासाउंड, फक्त नॅनोकण, दोन्ही, आणि सोन्याशिवाय नुसते सायट्रेट-जेल लावून अल्ट्रासाउंड. हा शेवटचा गट बरेचदा विसरला जातो, आणि मग परिणाम सोन्याचा की सायट्रेटचा, हे सांगता येत नाही.