बॅलन्स शाफ्ट काढायचे की ठेवायचे? जुन्या इंजिनाबाबत निर्णय असा घ्या

दोन-अडीच लिटरची जुनी पेट्रोल गाडी टायमिंग बेल्ट बदलायला उघडली की इंदूरच्या बऱ्याच गॅरेजांत एक सल्ला ऐकू येतो: “भिया, ये बॅलन्स शाफ्ट निकलवा दो, झंझट ही खतम.” मिस्त्री मनापासून सांगत असतो, त्यात तथ्यही असतं. पण गाडी घेऊन नाशिक-पुण्याला जाणार आहात तुम्ही. म्हणून हो म्हणण्याआधी एवढं तपासा.

हे शाफ्ट करतात काय

चार सिलिंडरच्या एका ओळीतल्या इंजिनात दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणजे हिशेब जुळायला हवा. तो पुरता जुळत नाही. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या फेरीत जोरात पळतो आणि खालच्या अर्ध्या फेरीत सावकाश. त्यातून उरलेला हिसका क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोनदा येतो. तो मारायला दोन वजनदार शाफ्ट क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरवतात. कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९७० च्या दशकात मित्सुबिशीने तिला ‘सायलेंट शाफ्ट’ म्हणून नवं रूप दिलं, आणि पोर्शेसारख्या कंपनीने ९४४ या गाडीच्या अडीच लिटर इंजिनासाठी त्याचा परवाना घेतला.

हा हिसका वेगाच्या वर्गाने वाढतो. २००० आरपीएमवरून ४००० वर गेलात की तो चौपट होतो. म्हणून शाफ्ट काढल्यावर गाडी स्लोवर उभी करून “बघा, काही फरक नाही” असं कोणी दाखवलं, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पायरी १: रचना ओळखा

काही इंजिनांत शाफ्टसाठी टायमिंग बेल्टशेजारी वेगळा छोटा बेल्ट असतो. मित्सुबिशीची ४जी६३ जातीची इंजिनं किंवा २.३ लिटरची जुनी होंडा अकॉर्ड ही त्याची उदाहरणं. काहींत शाफ्टची जोडी खाली चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) ऑईल पंपाच्या जोडीने बसवलेली असते. दुसऱ्या प्रकाराला हात लावू नका. तिथे शाफ्ट काढणं म्हणजे ऑईल पंपाचीच व्यवस्था बदलणं.

पायरी २: काढायचे का आहेत, हे स्वतःला विचारा

सगळ्यात खरी भीती छोट्या बेल्टची असते. तो तुटून मोठ्या बेल्टखाली गेला की टायमिंग सरकतं आणि ४जी६३ सारख्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. भीती रास्त आहे, पण तिचा इलाज सोपा आहे: टायमिंग बेल्ट बदलताना छोटा बेल्ट आणि दोन्ही टेन्शनर (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या) त्याच वेळी नवे घाला. “ताकद वाढेल” हे कारण असेल तर विचार सोडा. शाफ्ट फिरवण्यात थोडी ताकद जाते हे खरं, पण ती ट्रॅकवर, उंच आरपीएमला जाणवते. ए.बी. (आग्रा-मुंबई) रोडवर नाही.

पायरी ३: थरथर असेल तर आधी फेज तपासा

फेज म्हणजे शाफ्ट क्रँकच्या फेरीशी योग्य जागी जुळलेला असणं. या पायरीवर घाई करू नका, कारण माझी गाडी मी इथेच गमावणार होतो. बेल्ट बदलून आणला आणि ताशी ८० च्या पुढे सीट, आरसा, डॅशबोर्ड सगळं थरथरू लागलं. गॅरेजवाल्याचं मत पडलं की शाफ्ट खराब, काढून टाका. मी इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचे रबर बदलून पाहिले, प्लग बदलले, फरक शून्य. शेवटी ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी ब्लॉकच्या बाजूचा छोटा प्लग खोलला आणि त्या भोकात लांब स्क्रूड्रायव्हर घातला. तो थोडासा आत जाऊन अडला. शाफ्ट अर्धा फेरा चुकीचा बसला होता.

४जी६३ जातीत एक शाफ्ट ऑईल पंपाच्या गिअरवर चालतो. पुलीची खूण बरोबर जुळलेली दिसते, तरी आतला शाफ्ट उलटा असू शकतो. तपासायची रीत ठरलेली आहे: ८ मिमी जाडीचा स्क्रूड्रायव्हर ६० मिमी किंवा जास्त आत गेला तर फेज बरोबर, २०–२५ मिमीवर अडला तर ऑईल पंपाची पुली एक पूर्ण फेरा फिरवून खूण पुन्हा जुळवा. चुकीच्या फेजचे शाफ्ट हिसका मारण्याऐवजी त्यात भर घालतात, म्हणून अशी गाडी शाफ्ट नसलेल्या गाडीपेक्षाही जास्त हलते. माझी त्या संध्याकाळी शांत झाली, आणि चांगले शाफ्ट मी भंगारात देणार होतो या विचाराने रात्री झोप लागली नाही.

पायरी ४: ऑईल प्रेशर

डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नका. इंजिन पुरतं गरम करून काट्याचा गेज लावून मोजा आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडा. चेंबर उतरवून तळाशी धातूचा चुरा आहे का पाहा. शाफ्टचे बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या कड्या) खाल्ले असतील किंवा शाफ्ट जाम झाला असेल आणि सुटे भाग मिळतच नसतील, तर काढण्याला खरं कारण आहे.

पायरी ५: काढायचेच ठरलं तर पूर्ण काढा

छोटा बेल्ट तेवढा काढून एक शाफ्ट बंद ठेवणं ही सगळ्यात वाईट तडजोड. दोन्ही शाफ्ट उलट फिरून एकमेकांचा आडवा जोर खातात. एकटा उरलेला शाफ्ट इंजिनाला आडवा हलवतो.

पंपाच्या बाजूला पूर्ण शाफ्टऐवजी आखूड शाफ्ट लागतो, नाहीतर पंपाच्या गिअरला आधार राहत नाही. ब्लॉकमधल्या बुशांची तेलाची भोकं बंद झालीच पाहिजेत: नवे बुश फिरवून असे बसवतात की त्यांचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर येत नाही. हे राहिलं तर तेल तिथून वाहून जातं, क्रँकच्या मेन बेअरिंगला प्रेशर कमी पडतं आणि इंजिन जातं. बुश ठोकताना स्वतः समोर उभे राहा, डोळ्यांनी बघा. छोट्या बेल्टची पुली आणि टेन्शनर काढून समोरचं सीलचं भोकही बंद करून घ्या.

पायरी ६: चालवून पाहा

गरम इंजिनावर प्रेशर पुन्हा मोजा. मग मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदेपर्यंत एक फेरी मारा, घरच्यांना मागे बसवून. थरथर मागच्या सीटवरच्यांना विचारा. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि एक्झॉस्ट मेनिफोल्डचे बोल्ट, अल्टरनेटरचा ब्रॅकेट, एसीच्या पाइपांचे क्लॅम्प हाताने तपासा. महिनाभराने पुन्हा तपासा. काढलेले शाफ्ट चांगले असतील तर तेल लावून, कापडात गुंडाळून, वर गाडीचा नंबर लिहून घरीच ठेवा.