उत्तरपत्रिका ओली होते तेव्हा: तळहाताच्या घामावर पायरीपायरीने उपाय

उन्हाळ्यात घाम सगळ्यांनाच येतो. पण जानेवारीच्या थंडीत, पंखाही बंद असताना, कुणी नुसता हस्तांदोलनासाठी हात पुढे केला म्हणून तळहाताला पाणी सुटत असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे. उत्तरपत्रिकेवर अक्षरं फुटतात, ऑफिसातलं हजेरीचं मशीन अंगठा ओळखत नाही, स्कूटरची मूठ निसटते. घरचे म्हणतात, 'अंगात उष्णता वाढलीय, सब्जा पी.' मित्र म्हणतात, 'एवढं काय घाबरतोस?' दोघांचंही निदान चुकलेलं असतं.

या त्रासाला डॉक्टर हायपरहायड्रोसिस म्हणतात. त्यावर उपाय आहेत, पण ते एका क्रमाने करायचे असतात. बरेच जण पहिलाच उपाय चुकीच्या पद्धतीने आठवडाभर करतात, 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात आणि थेट ऑपरेशनची चौकशी सुरू करतात.

पायरी १: हा घाम कोणत्या जातीचा, ते ओळखा

घामाच्या ग्रंथी तळहातांवर आणि तळपायांवर सर्वांत दाट असतात. पाठीचा घाम मुख्यतः अंग गार ठेवण्यासाठी येतो, तळहाताचा मात्र मनातल्या खळबळीला आधी दाद देतो. ज्यांना हा त्रास असतो त्यांच्या ग्रंथी बिघडलेल्या नसतात. त्यांना 'घाम सोडा' असा निरोप देणाऱ्या नसाच गरजेपेक्षा जास्त सक्रिय असतात. परीक्षा किंवा मुलाखत हे निमित्त असतं, मूळ कारण नव्हे. म्हणून 'मन शांत ठेव' हा सल्ला कितीही चांगल्या मनाने दिला तरी तो पुरत नाही. उलट हात ओले होतील या धास्तीनेच ते आणखी ओले होतात.

डॉक्टर साधारण असं तपासतात: दुसरं काही कारण नसताना सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हा त्रास आहे का? दोन्ही हातांना सारखाच घाम येतो का? आठवड्यातून निदान एकदा तरी येतो का? रोजच्या कामात अडतं का? सुरुवात पंचविशीच्या आत, बहुतेकदा शाळेच्या वयात झाली का? आई, वडील, मामा, आत्या यांपैकी कुणाला असंच होतं का? आणि झोपेत हात कोरडे असतात का? सहा महिन्यांच्या त्रासासोबत बाकीच्यांपैकी दोन तरी गोष्टी जुळल्या, तर हा बहुधा 'प्राथमिक' प्रकार असतो, म्हणजे त्यामागे दुसरा आजार नसतो. झोपेचा प्रश्न घरच्या कुणाला तरी सोपवा. तुम्ही गाढ झोपलेले असताना तळहाताला हात लावून बघायचा, एवढंच. ही माहिती पुढे औषध लावतानाही उपयोगी पडणार आहे.

त्रास किती आहे हे सांगायला चार टप्प्यांची एक सोपी मोजपट्टी वापरतात. घाम जाणवतच नाही, तर १. जाणवतो पण चालवून घेता येतो आणि कामात कधीमधी अडतं, तर २. जेमतेम सोसवतो आणि वारंवार अडतं, तर ३. सोसवतच नाही आणि नेहमीच अडतं, तर ४. आपला आकडा लिहून ठेवा, म्हणजे महिन्याभराने उपायाचा खरा फरक कळेल.

पायरी २: हे असेल तर घरगुती प्रयोग थांबवा

घाम फक्त हातांना नसून सगळ्या अंगाला येतो, रात्री कपडे भिजतात, वजन उतरतंय, बारीक ताप आहे किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकलाय? टीबीची तपासणी आधी करून घ्या. छातीत धडधड, हाताला कंप, उकाडा सहन न होणं अशी लक्षणं असतील तर थायरॉइड तपासा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला अचानक घाम फुटून थरथर आणि भूक जाणवली, तर साखर उतरलेली असू शकते. तिथल्या तिथे साखर मोजा आणि शुद्धीवर असेल तर काहीतरी गोड द्या. छातीत दुखून थंड घाम आला तर सरळ हॉस्पिटल गाठा.

एकाच बाजूला येणारा घाम, उतारवयात नव्याने सुरू झालेला घाम, किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्या सुरू केल्यावर वाढलेला घाम हेही डॉक्टरांना सांगावं. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. घामग्रंथींना निरोप देणाऱ्या रसायनाचं नाव अॅसिटिलकोलिन. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हे रसायन शरीरात साठू देतात. फवारणीनंतर दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलटी, धूसर नजर असं होऊ लागलं तर ती विषबाधा असू शकते. कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि बाटलीचं लेबल सोबत घेऊन दवाखान्यात जा.

पायरी ३: रात्री लावायचं औषध, पण नीट

पहिला उपाय म्हणजे अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण. तळहातांसाठी साधारण २० टक्क्यांचं देतात, कधी त्याहून तीव्र. ते घामाशी मिसळून ग्रंथीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच तयार करतं. डिओडरंटने हे काम होत नाही, तो फक्त वास झाकतो.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. सकाळी आंघोळ करून, हात अर्धवट पुसून औषध लावलं जातं. ओल्या कातडीवर या औषधातून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, हात चुरचुरतात आणि घाम येतच असल्याने औषध वाहूनही जातं. म्हणजे आग झाली आणि गुण शून्य. याउलट झोपेत तळहात कोरडा असतो, म्हणून हे औषध रात्रीचं.

झोपण्याच्या बऱ्याच आधी हात धुवा. अगदी लावायच्या वेळी धुऊ नका. टॉवेलने पुसून पंख्याखाली किंवा ड्रायरच्या गार हवेत पूर्ण कोरडे करा. औषधाचा पातळ थर लावा आणि तोही वाळू द्या. चीर, भेगा, एक्झिमा असेल तिथे लावू नका. अंगठ्या आधी काढा, कारण धातूवर आणि कपड्यांवर याचे डाग पडतात. डोळ्यांना हात लावायची सवय असेल तर पातळ सुती हातमोजे घाला. सहा ते आठ तासांनी, सकाळी उठल्यावर, साबणाने धुऊन टाका.

सुरुवातीला रोज रात्री. कातडी नाजूक असेल तर एक दिवसाआड. फरक पडायला एक-दोन आठवडे लागतात, पण चार आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये. हात कोरडे राहू लागले की हळूहळू आठवड्यातून एक-दोनदा एवढ्यावर या. पूर्ण बंद केलं तर घाम परत येतो. खाज, लाली आली तर दोन-तीन दिवस विश्रांती द्या. डॉक्टर अशा वेळी सौम्य स्टेरॉइड मलम देतात. तळहाताची कातडी जाड असल्याने काखेइतका चटकन गुण इथे येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

तुरटीचं काय? तुरटीही अॅल्युमिनियमचाच क्षार आहे, त्यामुळे आजीचा सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही. हलका घाम असेल तर तुरटीच्या पाण्याने किंवा गार केलेल्या कडक चहाच्या पाण्याने (त्यातल्या टॅनिनमुळे) थोडा वेळ बरं वाटतं. मोजपट्टीवर ३ किंवा ४ असलेल्यांनी त्यावर वर्षं घालवू नयेत. टाल्कम पावडर ओल्या हातावर गोळा होते, तेवढंच.

पायरी ४: पाण्यातून सौम्य करंट

औषधाने भागलं नाही तर आयंटोफोरेसिस. नाव अवघड असलं तरी कृती साधी आहे. दोन ट्रेमध्ये उथळ पाणी, प्रत्येकात एक तळहात, आणि पाण्यातून यंत्र अगदी कमी, साधारण १५ ते २० मिलीअँपिअर, वीज सोडतं. एक बैठक २० ते ३० मिनिटांची, आठवड्यातून तीनदा. मधे करंटची दिशा बदलतात. दोन ते चार आठवड्यांत घाम आटू लागला की पुढे आठवड्याला एक बैठक पुरते. घाम नेमका का आटतो, याचं पक्कं उत्तर अजून शास्त्राकडे नाही, पण गुण येतो. माझ्या मते आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेला उपाय हाच. पुढे येणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनइतका महाग नाही, ऑपरेशनसारखा कायमचा नाही.

पहिल्या काही बैठका त्वचारोगतज्ज्ञाकडे घ्या, मग घरच्या यंत्राचा विचार करा. पाणी नळाचं हवं. आरओच्या शुद्ध पाण्यात क्षार नसल्याने त्यातून वीज नीट जात नाही. तसंच पाणी असेल तर डॉक्टरांना विचारून चिमूटभर मीठ किंवा खायचा सोडा घालतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवा. ओरखड्यांवर व्हॅसलिन लावा, नाहीतर तिथे चटका बसतो. करंट सुरू असताना हात झटकन बाहेर काढू नका. पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर महिलांनी, फिट येणाऱ्यांनी आणि हातात धातूची पट्टी किंवा रॉड असलेल्यांनी हा उपाय करू नये.

मोबाइलचा चार्जर किंवा बॅटरी जोडून घरी असलं यंत्र बनवायचे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. पाणी आणि वीज एकत्र आहेत.

पायरी ५: गोळ्या

ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या अॅसिटिलकोलिनचा निरोप अडवतात. पण फक्त हाताशीच नाही, सगळ्या अंगात. म्हणून तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, नजर धूसर होते, कधी लघवीला अडतं. काचबिंदूच्या काही प्रकारांत आणि प्रोस्टेट वाढलेल्यांना त्या धोक्याच्या ठरतात. घाम थांबला म्हणजे अंग गार व्हायची सोयही कमी झाली. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात उन्हात काम करणाऱ्याने या गोळ्या घेणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. डोस कमीपासून सुरू करून डॉक्टरच वाढवतात.

फक्त भाषण किंवा कार्यक्रमापुरता त्रास असेल तर काहींना प्रोप्रानोलॉल ही धडधड आणि कंप कमी करणारी गोळी देतात. दमा असेल तर ती गोळी चालत नाही, आणि पहिल्यांदा घेऊन बघायची वेळ कार्यक्रमाच्या दिवशीची नसावी.

पायरी ६: बोटॉक्स

बोटॉक्स म्हणजे नसांचा घामग्रंथींना जाणारा निरोप काही काळ अडवणारं औषध. त्याची तळहातात ठिकठिकाणी बारीक इंजेक्शनं देतात. परिणाम चार ते सहा महिने टिकतो, मग पुन्हा खर्च. अमेरिकेत २००४ मध्ये या औषधाला घामासाठी मंजुरी मिळाली ती काखेसाठी. तळहातावर डॉक्टर ते स्वतःच्या निर्णयाने वापरतात. तळहात फार दुखरा, म्हणून मनगटाशी नस बधिर करून देतात का, हे आधी विचारा. काही आठवडे अंगठ्याची चिमूट कमजोर होऊ शकते. शिवणकाम करणारे, तबलावादक, सोनार यांनी हंगाम बघूनच तारीख घ्यावी.

उपाय लागू पडेपर्यंत

परीक्षेत लिहिणाऱ्या हाताखाली सुती रुमाल किंवा टिपकागद ठेवा. जेल किंवा शाईच्या पेनाऐवजी बॉलपेन वापरा. ओएमआर असेल तर रुमाल आणखी महत्त्वाचा. पर्यवेक्षकांना पेपर सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवा. अंगठा देण्याआधी कोरड्या कापडाने पुसा आणि हजेरीच्या मशीनवर एकापेक्षा जास्त बोटांची नोंद करून घ्या. आधारच्या पडताळणीसाठी बोटांशिवाय बुबुळ, चेहरा आणि ओटीपी हेही मार्ग आहेत. बोट जुळत नसेल तर त्यांची सोय आहे का ते विचारा. आणि हस्तांदोलन टाळायचं असेल तर आपल्याकडे नमस्कार आहेच!

शेवटची पायरी: ऑपरेशन

छातीत दुर्बीण घालून घामाचा निरोप नेणारी नस कापतात किंवा तिला क्लिप लावतात. तळहात बहुतेकदा त्याच दिवशी कोरडे होतात, म्हणूनच जाहिरातीत ते मोहक दिसतं. पण बऱ्याच जणांना नंतर पाठ, पोट, मांड्या इथे जास्त घाम येऊ लागतो. काहींना तो इतका येतो की दिवसातून दोनदा शर्ट बदलावा लागतो, आणि कापलेली नस परत जोडण्याचा भरवशाचा मार्ग नाही. फुफ्फुसाभोवती हवा साठणं, एका बाजूची पापणी उतरणं हे धोके कमी, पण आहेत.

वरच्या पायऱ्या प्रामाणिकपणे करून झाल्या असतील आणि आकडा अजून ४ च असेल, तरच सर्जनला भेटा. नस कोणत्या पातळीवर कापणार, त्यांच्या स्वतःच्या रुग्णांपैकी किती जणांना नंतर पाठीला घाम वाढला, त्यांपैकी किती जणांना ऑपरेशनचा पश्चात्ताप झाला, हे तीन प्रश्न लिहून न्या. उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.