नवतपा लागण्याआधी सांदवाडीची तयारी

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की आमच्या वर्धेकडे नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. पारा ४५च्या वर चढतो आणि दुपारी मागचं दार उघडवत नाही. म्हणून हाती चार दिवस आहेत तोवरच सांदवाडीची, म्हणजे घरामागच्या परसाची, कामं उरकून घ्या.

सगळ्यात आधी पाणी. मातीचं पसरट परळ घ्या, स्टीलचं भांडं उन्हाने तापतं. पाणी दीड-दोन इंचांपेक्षा खोल नको. मधोमध एक खडबडीत दगड अर्धा वर राहील असा ठेवा, मधमाश्या त्यावर बसून पाणी पितात. टेकायला काही नसलं की बुडतात. परळ सावलीत असावं, पण झुडपाला खेटून नको, तिथे मांजर दबा धरतं. रोज पाणी बदला आणि दोन-तीन दिवसांनी कडा नारळाच्या शेंडीने खसखसून घासा. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. खारी-सरड्यांसाठी एक परळ जमिनीवर ठेवा, मात्र दारापासून लांब. ओलीला बेडूक येतात, आणि बेडकांमागे साप.

मग टाकं. हे काम कृपा करून टाळू नका. दोन वर्षांपूर्वी मी टाळलं होतं. सकाळी बादली घ्यायला गेले तर खारीचं पिल्लू पाण्यावर तरंगत होतं. टाकं अर्धं रिकामं, भिंती गुळगुळीत. आत पडलेल्या जिवाला वर यायला वाटच नव्हती. पुढच्या दोन्ही पायांची नखं झिजली होती, इतकं ते धडपडलं असणार. तेव्हापासून एक खडबडीत फळी तळापासून काठापर्यंत तिरकी लावलेली असते. फळी नसेल तर गाठी मारलेला जाड काथ्याचा दोर सोडा. झाकण असेल तर ते घट्टच बसू द्या.

झाडांच्या बुडाशी वाळल्या पाल्याचा तीन बोटं थर पसरा, खोडाला चिकटवू नका. पाला जाळू नका. त्याच्या खालच्या ओलीत गांडुळं असतात, आणि सातभाई दिवसभर तोच पाला उलथत किडे वेचतात. पाणी सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर घाला. कुलरच्या टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी क्षारांनी जड झालेलं असतं, ते कुंड्यांना नकोच.

कुंडी सरकवायची झाली तर आधी एका बाजूने जरा कलती करून खाली बघा. तिथल्या गारव्यात भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) बसलेला असतो. विंचूही असू शकतो, म्हणून हात घालू नका, काठी वापरा.

कात्री मात्र आता बाजूला ठेवा. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता कितीही वेडावाकडा वाढला असला तरी पावसापर्यंत छाटू नका. माझ्या मोगऱ्यात सध्या बुलबुलाचं घरटं आहे, चहाच्या कपाएवढं, आत तीन पिल्लं. दुपारी मादी त्यांच्यावर पंख पसरून सावली धरून उभी राहते. एक फांदी गेली तरी ऊन थेट घरट्यात येईल. कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर झटकू नका, ती फुलपाखराची लहान अळी असते.

एक पुठ्ठ्याचा खोका भोकं पाडून, आत सुती फडकं घालून तयार ठेवा. चोच उघडून धापा टाकणारा पक्षी आजारी असेलच असं नाही, पक्ष्यांना घाम येत नाही. पण उन्हाने खाली पडलेला पक्षी हाती आला तर त्याला खोक्यात, अंधाऱ्या गार जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. तासाभरात सावरला नाही तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. घरट्यातून पडलेलं पिसं न फुटलेलं पिल्लू मात्र अलगद परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकत नाही.

आणि संध्याकाळी परळ पुन्हा भरून ठेवा. पहाटे पाचला दयाळ सगळ्यांच्या आधी येतो, तेव्हा आपण झोपलेले असतो.