नाशिकच्या गुन्हेगारीची दुसऱ्या शहराशी तुलना करण्याआधी

‘नाशिकमध्ये खून वाढले’ असं कानावर आलं की आधी विचारावं, कोणतं नाशिक? पोलिसांच्या हिशेबात शहर आयुक्तालय वेगळं आणि नाशिक ग्रामीण वेगळं. मालेगाव ग्रामीणमध्ये मोडतं. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्राची संस्था; तिच्या वार्षिक अहवालातल्या जिल्हावार तक्त्यांतही या दोन ओळी स्वतंत्र असतात.

दर काढायचा तो लाख लोकसंख्येमागे: गुन्ह्यांना लोकसंख्येने भागा, एक लाखाने गुणा. समजा, शहरात वर्षात ४५ खून नोंदले गेले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत १४.८६ लाख लोक होते, म्हणजे दर साधारण ३. चुकून जिल्ह्याचे ६१.०७ लाख धरले, तर तोच दर ०.७ वर येतो आणि शहर उगाच शांत दिसतं. शिवाय २०११ चा आकडा आता जुना आहे. दोन्ही शहरांसाठी एकाच वर्षाची अंदाजित लोकसंख्या घ्या, नाहीतर झपाट्याने वाढलेल्या शहराचा दर फुगतो.

सुरुवात खुनापासूनच करा. मृतदेह सहसा लपत नाही, त्यामुळे ही नोंद सर्वांत भरवशाची. मारामारी किंवा बलात्काराच्या आकड्यात मात्र तक्रार देण्याची हिंमत आणि ठाण्यात ती नोंदवून घेण्याची तयारीही मिसळलेली असते. जास्त नोंदी म्हणजे जास्त गुन्हे, असा निष्कर्ष इथे काढू नका; पीडितेवर तो अन्याय ठरतो. अपहरणाचंही तसंच. हरवलेल्या अल्पवयीन मुलांबाबत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. त्याआधीच्या वर्षांशी थेट तुलना त्यामुळे जमत नाही.

एनसीआरबी एका एफआयआरमधला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. खुनासोबत त्याच एफआयआरमध्ये मारामारीचं कलम असलं, तर नोंद फक्त खुनाची. परदेशाशी तुलना करताना तिथे बळी मोजलेत की गुन्हे, तेही पाहा.

तालुका पातळीवर घाई नको. लाखभर वस्तीत दोनाचे चार खून झाले, की ‘दुप्पट’ अशी बातमी होते; पाच वर्षांची बेरीज करून सरासरी काढा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, म्हणून तक्ते कलमाने न जुळवता गुन्ह्याच्या नावाने जुळवा. आणि २०२७ च्या सिंहस्थाचे आकडे हाती आले की लक्षात ठेवा: दराच्या भागाकारात भाविकांशी घडलेले गुन्हे वरच्या आकड्यात येतील, पण भाविक खालच्या लोकसंख्येत नसतील. ते वर्ष २०१५ च्या कुंभाशेजारी ठेवून पाहा.