नॉव्हेल्टी पियानो वाजवताय? या चुका टाळा

‘किटन ऑन द कीज’ म्हणजे पियानोच्या पट्ट्यांवरचं मांजराचं पिल्लू. नॉव्हेल्टी पियानो या १९२० च्या दशकातल्या खेळकर, करामती शैलीतली ही रचना. ती पहिल्यांदा ऐकली की हसू येतं आणि लगेच वाटतं, हे आपल्याला यायलाच हवं. मग आपण नोटेशन मिळवतो, रोज संध्याकाळी बोटं पळवतो, आणि पंधरा दिवसांनी जे वाजतं त्यात मांजराचं पिल्लू कुठेच नसतं. भांड्यांची फळी कोसळल्यासारखा नुसता आवाज असतो. ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता तिच्या मागची कारणं नीट मांडावीशी वाटतात.

आधी एक गोष्ट मनात पक्की हवी. हे संगीत खेळकर आहे, पण ते गंमत म्हणून सहज केलेलं नाही. ‘किटन’चा रचनाकार झेझ कॉन्फ्री याचा जन्म १८९५ चा, अमेरिकेत इलिनॉयमधल्या पेरू नावाच्या गावातला. त्याने शिकागोत रीतसर संगीताचं शिक्षण घेतलं आणि मग क्यूआरएस कंपनीसाठी पियानो रोल (आपोआप वाजणाऱ्या पियानोत घालायचे कागद) केले. ‘किटन ऑन द कीज’ १९२१ मध्ये आलं. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये बँडप्रमुख पॉल व्हाइटमनच्या ज्या कार्यक्रमात गर्श्विनची ‘रॅप्सडी इन ब्लू’ पहिल्यांदा वाजली, त्याच कार्यक्रमात कॉन्फ्रीही आपल्या रचना वाजवायला बसला होता. या संगीतात पाय अडखळल्याचा भास असतो. वाजवणारा मात्र एकदाही अडखळत नाही. खालच्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात.

पियानो रोल ऐकून लय ठरवणं

जालावर या रचनांचे जे व्हिडिओ सापडतात, त्यांतले बरेचसे पियानो रोलचे असतात. रोल म्हणजे भोकं पाडलेला कागद. प्रत्येक भोक एक स्वर वाजवतं, आणि हाताने वाजवून झाल्यावर संपादक त्यात आणखी भोकं पाडू शकत असे. त्यामुळे दोन हातांना कधीच जमणार नाहीत इतके स्वर एकदम ऐकू येतात, आणि आपल्याला वाटतं की आपलीच बोटं कमी पडताहेत. वेगाचंही तसंच. रोलवर ७० असा आकडा छापलेला असेल तर कागद मिनिटाला सात फूट सरकला पाहिजे. पण तो आकडा लावायचा एका दांड्याने, आणि लावणाऱ्याने दांडा पुढे ढकलला की मांजर धावत सुटतं. कॉन्फ्रीने स्वतः वाजवलेल्या तबकड्या ऐका. त्यातही डौल कुठे आहे ते ऐका, वेग नंतर बघू.

डावा हात गृहीत धरणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, आणि आपल्याकडे त्याला एक खास कारण आहे. आपल्यातले पुष्कळ जण पेटीवरून पियानोकडे येतात. पेटीवर उजवा हात स्वर काढतो आणि डावा भाता मारतो. डाव्या हाताने पट्ट्यांवर कधी उडीच मारलेली नसते. इथे मात्र त्याला पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खाली खर्जाचा स्वर घ्यायचा असतो आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला दीड-दोन सप्तकं वर येऊन कॉर्ड (एकदम वाजणारे काही स्वर) वाजवायची असते. हे अखंड, शेवटपर्यंत.

खर्जाचा स्वर करंगळीवर येतो आणि कॉर्डमध्ये अंगठा असतो. अंगठा मुळातच दणकट, म्हणून कॉर्ड जोरात वाजते आणि खर्ज दबतो. ठेका उलटा होतो: मंद-जोर, मंद-जोर. हवा असतो जोर-हलका, जोर-हलका. यावर उपाय असा: आठवडाभर फक्त डावा हात वाजवा. उडी मारल्यावर लगेच पट्टी दाबू नका. आधी बोटं पट्ट्यांवर टेकवा, बरोबर जागी आहेत याची खात्री करा, मग दाबा. हळू लयीत हे जमलं की टेकवणं आणि दाबणं यांतलं अंतर आपोआप मिटतं. आणि नजर डाव्या हातावर ठेवा. उजवा हात बराच वेळ एकाच आकारात सरकत असतो, तो पाठ करून टाकला की डोळे मोकळे होतात.

‘तीन’ला तिश्र समजणं

नॉव्हेल्टी पियानोचा प्राण इथे आहे. चार मात्रांच्या ठेक्यावर उजवा हात अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे स्वर तीन-तीनच्या गटात मांडतो. एका मापात, म्हणजे चार मात्रांच्या एका खान्यात, असे आठ स्वर बसतात, म्हणजे तीन, तीन आणि दोन. कधी हे गट मापाची रेघ ओलांडून पुढे जातात: दोन मापांचे सोळा स्वर, त्यात तीनचे पाच गट आणि उरलेला एक. कॉन्फ्रीच्या १९२२ च्या ‘स्टम्बलिंग’ या गाण्यात नाचताना पाय अडखळल्याचा जो भास होतो, तोही याच हिशेबातून.

चूक तीन प्रकारे होते. कोणी एका मात्रेत तीन स्वर कोंबतं, म्हणजे तिश्र करतं. कोणी शेवटच्या दोनचे नकळत तीन करतं आणि माप लांबवतं. कोणी प्रत्येक गटाच्या पहिल्या स्वरावर जोर द्यायचा सोडून मात्रेवर जोर देतं, मग स्वर बरोबर असूनही गंमत नाहीशी होते.

पियानोपासून दूर बसा. मांडीवर हाताने सावकाश चार टाळ्या द्या आणि तोंडाने म्हणा: ‘तकिट तकिट तक’. प्रत्येक टाळीला दोन अक्षरं. टाळी कुठे पडते ते बघा: पहिली ‘त’वर, दुसरी ‘ट’वर, तिसरी मधल्या ‘कि’वर, चौथी शेवटच्या ‘तक’मधल्या ‘त’वर. बोलण्यातला जोर मात्र प्रत्येक गटाच्या ‘त’वरच राहिला पाहिजे. दुसऱ्या तकिटचा ‘त’ दोन टाळ्यांच्या मधोमध येतो, आणि जीभ तिथेच कच खाते. तो ‘त’ न डगमगता आला की पियानोकडे जा. तीनतालाची सवय असलेल्याला हे दोन दिवसांत पटतं. हाताला मात्र वेळ लागतो, तो द्यावा.

प्रत्येक ठिकाणी झुलवणं

जॅझचा काळ म्हटल्यावर स्वर लांब-आखूड करून झुलवायचा मोह होतो. पण जिथे स्वर समान छापले आहेत तिथे ते समानच वाजवा. जिथे लांब-आखूड हवेत तिथे तसं लिहिलेलं असतं. सरसकट झुलवलं की तीन-तीनचे गट पुसट होतात.

‘चुकीचा’ स्वर खरोखर चुकवणं

या रचनांमध्ये बोट घसरल्यासारखे स्वर येतात. ते अगदी ठरवून लिहिलेले आहेत. काळ्या पट्टीवरून तेच बोट शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर सरकवायचं, आणि पांढरा स्वर बरोबर मात्रेवर पडला पाहिजे. दोन वेगळ्या बोटांनी वाजवलं की हा छोटा स्वर मोठा होतो आणि मुख्य स्वराला उशीर होतो. एकच हालचाल शंभरदा करून बघा: बोट सैल, मनगट सैल, सरकणं आडवं नाही तर आपल्याकडे. उजव्या हातात चौथ्या अंतरावरच्या (सा-म असे एकदम वाजणाऱ्या) जोडस्वरांची ओळ आली तर बोटांच्या दोन जोड्या ठरवून टाका, पहिलं (अंगठा)-चौथं आणि दुसरं-पाचवं, आणि त्याच आळीपाळीने वापरा. ऐनवेळी बोटं बदलली की ओळ तुटते.

वाद्याबद्दल थोडक्यात. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर खालचे खर्ज बसत नाहीत. ते एक सप्तक वर घेतले की डाव्या हाताची उडी लहान होते आणि पुढे खऱ्या पियानोवर हात फसतो. ८८ पट्ट्या मिळत नसतील तर निदान सराव तरी कोणाच्या पियानोवर अधूनमधून करा. सस्टेन, म्हणजे स्वर लांबवणारी सोय, कायम चालू ठेवू नका. पेडल फक्त खर्जाच्या स्वराला क्षणभर, कॉर्ड येण्याआधी पाय वर. आणि कीबोर्डमधला तो मुद्दाम बेसूर केलेला ‘होंकी-टोंक’ आवाज निवडू नका. या संगीतातलं अर्धं बारीक काम त्या आवाजात बुडून जातं.

सुरुवात कुठून करावी? माझं मत विचाराल तर फेलिक्स आर्न्टच्या ‘नोला’पासून. ती कॉन्फ्रीच्या मांजराच्या काही वर्षं आधीची आहे, सौम्य आहे, आणि डाव्या हाताला श्वास घ्यायला देते. सोपी केलेली आवृत्ती मात्र घेऊ नका, कारण सोपं करणारा सर्वांत आधी ठेक्याला छेद देणाऱ्या त्या तीन-तीनच्या लयीचेच स्वर काढून टाकतो. या जुन्या रचनांचे हक्क अमेरिकेत आता संपले आहेत, त्यामुळे मूळ छापील प्रती जालावर मिळतात.

आणि महिनाभरानंतरही एकाच मापाशी गाडी अडत असेल, तर ते माप पुन्हा पुन्हा घोटू नका. फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याच्या आधीचं माप ऐका. बहुतेक वेळा डावा हात तिथेच, उडीच्या भीतीने, पाव मात्रा आधी उचललेला सापडतो.