बाईक टेम्पोत किंवा ट्रेलरवर बांधायचीय? आधी शॉकअप दाबा

मागच्या वर्षी भावाची बुलेट नाशिकरोडहून पुण्याला पाठवली. छोटा हत्तीवाल्याने "काही होत नाही हो दादा" म्हणत ती साईड स्टँडवर उभी केली, नायलॉनची दोरी गुंडाळली आणि निघाला. सिन्नरच्या पुढे गेल्यावर त्याचा फोन, गाडी आडवी झाली, टाकीला वाटीएवढा पोचा. ताण बसला की नायलॉन लांबतं हो, आणि ही 200 किलोच्या आसपासची गाडी. तेव्हापासून मी स्वतः बांधतो, पिकअप असो नाहीतर ट्रेलर, पद्धत एकच.

चार रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे), दोन-तीन जुने टॉवेल, दोन लाकडी ठोकळे आणि एक जाड फळी, एवढंच लागतं. फळी सरकू नये म्हणून ती टेम्पोलाच बांधा, शेजारी ओटा किंवा चढ असेल तर टेम्पो तिथे लावा, निम्मं काम तिथेच होतं. गाडी चालवत चढवू नका, तिघं मिळून ढकला.

पुढचं चाक केबिनच्या मागच्या भिंतीला टेकवा, चाकांना ठोकळे, पहिला गियर टाका. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असेल तर बंद. साईड स्टँड वर, गाडी सरळ उभी. हे ऐकून लोक घाबरतात, पण स्टँडवर बांधली तर सगळा ताण एकाच बाजूला येतो आणि स्टँड वाकतो.

आता खरं काम. पुढचे दोन बेल्ट फोर्कच्या खालच्या टीला (पुढच्या दोन्ही शॉकअपच्या नळ्या जोडणारी, हँडलखालची आडवी पट्टी) टॉवेल गुंडाळून लावा (हँडलच्या ग्रिपला किंवा ब्रेकच्या पाईपवरून अजिबात नाही) आणि पुढे-बाहेर तिरके खाली ओढा. एकदा डावा, एकदा उजवा, थोडं थोडं आवळा, शॉकअप साधारण निम्मे बसले की थांबा. दाबलेली स्प्रिंग वर यायला बघते, त्यामुळे खड्ड्यातही बेल्ट ताणलेला राहतो. कमी दाबलं तर दणक्याला बेल्ट ढिला पडून हूक निसटतो, पार तळाला नेलं तर ऑइल सील जातं, मग बसा गॅरेजमध्ये.

मागचे दोन बेल्ट स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, फक्त मागचं चाक इकडेतिकडे उडू नये इतपत. सायलेन्सर, इंडिकेटर, साडी गार्ड यांना बेल्ट लावू नका. बेल्टचं उरलेलं टोक गाठ मारून खोचा, नाहीतर ते फडफडून रंग खातं.

नाशिकरोडहून पुण्याला निघालात तर शिंदे टोलनाका ओलांडला की टेम्पो बाजूला घ्या आणि बेल्ट हाताने दाबून बघा, पहिल्या काही किलोमीटरात ते थोडे ढिले पडतातच. संगमनेरच्या पुढे चंदनापुरी घाटाआधी परत एकदा. ड्रायव्हर कुरकुरतो, चहा पाजा.

उतरवताना आधी मागचे बेल्ट सोडा. पुढचे सोडताना दोघांनी गाडी धरलेली हवी, कारण दाबलेले शॉकअप एकदम उसळतात आणि तेवढ्यात गाडी तुमच्याच पायावर येते.